उपनगरात घर: जवळचं घ्यावं, शांत घ्यावं की स्वस्त? (सल्ला हवाय)

उंबरठा
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज सल्ला हवाय म्हणून धागा काढतेय. शहराच्या कडेला घर घ्यायचं ठरलंय, बरंच फिरून झाल्यावर तीन स्कीम उरल्यात आणि आता घरात एकमत होईना.

पहिली, तिला अ म्हणू, अगदी हायवेला लागून आहे. स्टेशन चालत जाण्यासारखं, शाळा जवळ, आणि तरी दर तिन्हींत सगळ्यात कमी, ब पेक्षा जवळजवळ २० टक्के खाली. ब खूप आत आहे, तिथे खरंच शांत वाटतं, पण आम्हा दोघांना ऑफिसला जायला एका बाजूने सव्वा तास. क मधोमध, दरही मधला, शेजारी मोठी मोकळी जागा आहे आणि त्या बाजूच्या फ्लॅटला ओपन व्ह्यू म्हणून जास्तीचे पैसे मागताहेत.

घरात आम्ही दोघं, शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई. त्या दिवसभर घरीच असतात आणि त्यांची झोप फार सावध आहे, जरा खुट्ट झालं की जागे. नवऱ्याचं म्हणणं आवाजाची सवय होते, पंधरा दिवसांत ऐकूही येणार नाही, वाचलेल्या पैशात लोन लवकर फिटेल. मला ते पटत नाहीये पण त्यांना पटवायला माझ्याकडे मुद्देही नाहीत. तुम्ही काय कराल?

रातकिडा
सवय होते हे अर्धंच खरं आहे ताई. जाग येण्याचं प्रमाण कमी होतं, माणूस सकाळी उठून सांगतो मला काही ऐकू आलं नाही. पण झोपेत ट्रक गेला की हृदयाचे ठोके वाढतात ते वाढतातच, शरीराची ती प्रतिक्रिया वर्षानुवर्षं फारशी कमी होत नाही. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना रात्रीच्या आवाजाची मर्यादा वेगळी देते. सासूबाईंची झोप सावध असेल तर त्यांना मनावरची सवय पण लागायची नाही. माझं मत ब.

मोजपट्टी
माझं काम याच क्षेत्रातलं, इमारतींमधला आवाज मोजणं आणि कमी करणं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी डेसिबल समजून घ्या कारण तिथे आपली नेहमीची बेरीज वजाबाकी चालत नाही. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आणि रस्त्यावरची निम्मी वाहनं उद्यापासून बंद झाली तरी फक्त ३ डेसिबल कमी होतात, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकेच. अंतराचंही तसंच. सलग वाहता रस्ता असेल तर अंतर दुप्पट केल्यावर ३ डेसिबल उतरतात, मधे मऊ जमीन असेल तर थोडे अजून. ५० मीटरवरून १०० वर गेलात, ३ कमी. पुढचे ३ कमी करायला थेट २०० मीटरवर जावं लागतं. त्यामुळे सेल्सवाला जेव्हा म्हणतो की आमची बिल्डिंग हायवेपासून आत घेतलीये तेव्हा त्या आत घेण्याने नुसत्या अंतराचा फायदा फार थोडा असतो.

खरा फरक पडतो तो मधे काय आहे त्याने. एखादी भिंत आड आली आणि खिडकीतून रस्ता दिसायचा बंद झाला की लगेच ५ डेसिबलच्या आसपास कमी होतात, भिंत जितकी उंच तितके अजून. आणि भिंतीऐवजी अख्खी बिल्डिंग आड असेल तर तिच्या मागच्या बाजूला १० ते २० डेसिबलचा फरक मिळू शकतो, अंतराने एवढा फरक मिळवायचा तर गाव सोडावं लागेल. झाडांवर मात्र विसंबू नका, ३० मीटर रुंद दाट झाडी असेल तेव्हा कुठे ५ डेसिबल मिळतात, कंपाउंडला लावलेली अशोकाची एक रांग डोळ्यांना बरी वाटते पण कानांना तिचा काही उपयोग नाही.

आता किती आवाज चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये नवीन शिफारशी दिल्यात, रस्त्यासाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ५३ आणि नुसत्या रात्रीसाठी ४५ डेसिबल, हे घराबाहेरचे आकडे. रेल्वेसाठी ५४ आणि ४४, विमानांसाठी सगळ्यात कडक, ४५ आणि ४०. मिळून जो आकडा काढतात त्यात संध्याकाळच्या आवाजाला ५ आणि रात्रीच्या आवाजाला १० डेसिबल मुद्दाम जास्तीचे धरतात, कारण त्या वेळी तोच आवाज जास्त छळतो. त्याआधीच्या १९९९ च्या शिफारशींत बेडरूमच्या आत ३० डेसिबल असं धरलंय, खिडकी किलकिली असेल तर बाहेरून आत येताना साधारण १५ कमी होतात म्हणून बाहेर ४५. शहराच्या कडेच्या हायवेवर पहिल्या रांगेत तुम्हाला रात्रीचे ४५ कधीच मिळणार नाहीत हे लक्षात ठेवून निर्णय घ्या.

दोन_मजले_वर
मोजपट्टी, उत्तम माहिती. पण मग सोप्पा उपाय आहे की, अ मध्येच वरचा मजला घ्या. वर हवा छान, धूळ कमी, आवाज पण खालीच राहतो.

मोजपट्टी
धूळ आणि हवा, मान्य. आवाजाचं उलटं होतं बऱ्याचदा. खालच्या मजल्यांना कंपाउंडची भिंत, दुकानांची रांग, पार्किंगचा मजला असं काहीतरी आड येतं. वर गेलात की हायवे लांबच लांब दिसायला लागतो, आणि जितका रस्ता दिसतो तितका रस्ता ऐकू येतो. अंतर वाढल्याने जे कमी होतं ते यात भरून निघतं. फार उंच गेलात, तिसाव्या वगैरे मजल्यावर, तर थोडा फरक पडेल, पण मधल्या मजल्यांवर सहसा नाही. दहाव्या मजल्यावरच्या लोकांनाच सगळ्यात जास्त त्रास अशा केसेस मी पाहिल्यात.

अजून एक, कोणी म्हणालं की पुढे सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक होणार, मग हायवे शांत होईल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. गाडीचा वेग ताशी ५० च्या वर गेला की इंजिनापेक्षा टायर आणि रस्त्याचाच आवाज जास्त असतो. सिग्नलपाशी, गल्लीत फरक पडेल. हायवेवर नाही.

दोन_मजले_वर
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आमच्याकडे नेमकं हेच आहे, बाल्कनीत उभं राहून फोनवर बोलता येत नाही.

पायवाट
मला सगळे आवाजावरच बोलताहेत याचं आश्चर्य वाटतंय. सव्वा तास जाणं आणि सव्वा तास येणं, दिवसाचे अडीच तास झाले की. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ च्या लेखात मांडलं होतं की माणूस कुठल्याही काळातला असो, रोजच्या प्रवासाला सरासरी तासाभराचा वेळ देतो, साधनं वेगवान झाली की वेळ न वाचवता लांब राहायला जातो. अडीच तास म्हणजे त्याच्या अडीचपट, आणि दोघांचे मिळून पाच. मूल लहान आहे, संध्याकाळी कोणीतरी घरी लागतं, सासूबाईंना अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दोघंही सव्वा तास लांब. शांत घरात तुम्ही जागे असाल कधी तेवढं मोजा. आणि बिल्डर सांगेल नवीन रस्ता होतोय, मग पंचेचाळीस मिनिटांत पोचाल, तर नवा रस्ता झाला की त्यावर नवी वाहनं येतात हे सगळीकडे झालंय. माझं मत अ किंवा क, ब अजिबात नाही.

रातकिडा
पायवाट, मुद्दा पटला. दवाखान्याचा विचार मी केलाच नव्हता. माझं ब चं मत तेवढं ठाम नाही आता.

नकाशा
क बद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. शेजारी मोकळी जागा आहे म्हणजे ती कोणाची तरी आहे. तिथे काय येणार आहे हे विकास आराखड्यात लिहिलेलं असतं, नियोजन कार्यालयात जाऊन बघता येतं, बऱ्याच ठिकाणी ऑनलाइनही असतं. बागेसाठी राखीव असेल तर गोष्ट वेगळी. रहिवासी किंवा व्यापारी वापर दाखवला असेल तर आज ना उद्या तिथे बांधकाम होणार, म्हणजे खोदकाम, ब्रेकर, काँक्रीटचे मिक्सर, हे सगळं काही वर्षं खिडकीखाली, आणि ते संपलं की व्ह्यू पण संपला. ज्याचे तुम्ही जास्तीचे पैसे मोजलेत. आणि आराखड्यात रस्ता दाखवलाय का तेही बघा, आज जी ब मधली शांत वळणाची गल्ली आहे ती उद्याचा रिंगरोड असू शकते. नुसतं गुगल मॅप बघून कळत नाही, तिथे आजचंच दिसतं. माझ्या मते तिन्ही स्कीमच्या चारही बाजूंना काय आरक्षण आहे हे बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये.

अंगणवेल
+१ नकाशा.

बाहेरच्या आवाजाबरोबर सोसायटीचा स्वतःचा आवाज पण बघा ताई, त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि रोज तोच छळतो. पंपरूम कुठल्या विंगखाली आहे, जनरेटर कुठे ठेवणार, ट्रान्सफॉर्मर कुठे, लिफ्टची भिंत आणि बेडरूमची भिंत एकच आहे का, पार्किंगचा उतार कुणाच्या खिडकीखाली, क्लबहाउसचा हॉल कुणासमोर. आमच्या बहिणीच्या घरी बाहेर चिटपाखरू नाही, पण पहाटे टाकीचा पंप सुरू झाला की भिंत हलकी हलकी घुमते, तो आवाज हवेतून येतच नाही, पाइपातून आणि स्लॅबमधून येतो म्हणून खिडक्या लावून काहीच होत नाही. पंपाखाली रबरी पॅड आणि पाइपाला लवचिक जोड लावून घेतल्यावर बराच कमी झाला, पण ते सोसायटीकडून करून घेईपर्यंत तिला फार पाठपुरावा करावा लागला.

आणि इंग्रजी यू आकाराच्या बिल्डिंग असतात ना, मधे अंगण, तिथे मुलांचा खेळ आणि गाड्यांचे रिव्हर्स हॉर्न भिंतीभिंतीवर आपटून वरपर्यंत येतात. मुलांनी खेळावंच, त्याबद्दल तक्रार नाही, पण सासूबाई दुपारी झोपत असतील तर त्यांची खोली त्या बाजूला नको.

मोजपट्टी
अंगणवेल यांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणता सूर असतो तो विजेच्या वारंवारितेच्या दुप्पट, म्हणजे ५० हर्ट्झची वीज असेल तर १०० हर्ट्झ. इतका खालचा सूर काचेतून सहज आत येतो आणि मीटरवर आकडा लहान दिसूनही डोकं उठवतो.

गणितपक्कं
आता जरा पैशांचं बघू कारण प्रश्नाचा तो भाग राहिलाच आहे.

विमानतळांजवळच्या आणि मोठ्या रस्त्यांजवळच्या घरांच्या किमतींवर वेगवेगळ्या देशांत बरेच अभ्यास झालेत, त्यात साधारण दर डेसिबलमागे घराची किंमत अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते असं दिसतं, कुठे कमी कुठे जास्त. म्हणजे १५ डेसिबल जास्त असलेलं घर ७-८ टक्क्यांनी स्वस्त. तुमची अ तर ब पेक्षा २० टक्क्यांनी स्वस्त आहे आणि वर स्टेशन जवळ, म्हणजे खरंतर महाग असायला हवी. तेव्हा पहिली गोष्ट, एवढी स्वस्त का हे शोधा. जमिनीची कागदपत्रं, बांधकामाचा दर्जा, ताबा कधी, पाणी, मेंटेनन्स, सगळं. सगळं ठीक निघालं आणि कारण फक्त हायवे असेल तर पुढचा मुद्दा.

लोक अख्खी स्कीम स्वस्त की महाग बघतात. हायवेची बदनामी अख्ख्या स्कीमला लागते, त्यामुळे दर सगळ्यांचाच उतरतो. पण आवाज सगळ्या फ्लॅटना लागत नाही! मोजपट्टींनीच लिहिलंय की बिल्डिंगच्या मागच्या बाजूला १० ते २० डेसिबल कमी असू शकतात. म्हणजे एकाच स्कीममधल्या दोन बाजूंतला फरक हा कदाचित दोन वेगळ्या स्कीममधल्या फरकापेक्षा मोठा आहे. आणि बिल्डर जास्तीचे पैसे कशाचे लावतो, वरच्या मजल्याचे, रस्त्याकडच्या बाल्कनीचे, व्ह्यूचे. शांततेचे पैसे दरपत्रकात मी तरी कुठे पाहिले नाहीत. आतल्या बाजूचा, खालून चौथ्या-पाचव्या मजल्यावरचा, ज्याला व्ह्यू म्हणून फक्त समोरची बिल्डिंग आहे असा फ्लॅट सगळ्यात शेवटी विकला जातो आणि तिथे घासाघीस पण करता येते. तुमच्या घरच्या गरजेला तोच योग्य आहे. अ, ब की क हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा आणि प्रत्येक स्कीममधला सगळ्यात शांत फ्लॅट कुठला आणि त्याचा दर काय अशी तुलना करा.

दोन_मजले_वर
पण पुढे विकताना? हायवेचं नाव तेव्हाही लागणार.

गणितपक्कं
लागणार, आणि ते मान्य करूनच घ्यायचं. घेताना स्वस्त मिळालं तर विकताना पण बाजारापेक्षा कमीच मिळेल, म्हणून याला मी नफा म्हणत नाही. पण मधली सगळी वर्षं कमी लोन, कमी व्याज आणि वाचलेला प्रवास हे तुमचंच राहतं. गुंतवणूक म्हणून घेत असतील तर माझं उत्तर वेगळं असतं, त्यांना त्यात राहायचंय.

मोजपट्टी
गणितपक्कं यांच्याशी सहमत, फक्त दोन अटी घालतो. आड येणारी बिल्डिंग खरोखर बांधलेली हवी, ब्रोशरमधल्या फेज दोनच्या बिल्डिंगने आवाज अडत नाही, आणि फेज दोन किती लांबू शकते हे सगळ्यांना माहितीये. आणि दोन टॉवरच्या मधली फट बघा, त्या फटीतून रस्ता दिसत असेल तर त्या रेषेतल्या खिडक्यांना मागची बाजू असूनही फायदा नाही.

जागा बघायला रात्री जा, शक्यतो आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना. अशा रात्री जमिनीजवळची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता पुन्हा खाली वळतो आणि दिवसा न ऐकू येणारा लांबचा हायवे सुद्धा घरात येतो. ब पण अशाच रात्री तपासा, दिवसाच्या शांततेवर जाऊ नका. जवळपास विमानतळ असेल तर अजून एक भानगड, विमानं वाऱ्याच्या तोंडावर चढतात उतरतात, वारा फिरला की मार्ग बदलतो, म्हणून एका भेटीत काही कळत नाही, तिथल्या राहत्या लोकांना विचारा.

मोबाइलवरचं अ‍ॅप चालेल. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेचं फुकट अ‍ॅप आहे आयफोनसाठी, ते चांगलं आहे, बाकी फोनवर आकडा थोडा चुकतो पण एकाच फोनने दोन जागा मोजल्या तर फरक बरोबर कळतो, आणि तुम्हाला फरकच हवाय.

उंबरठा
सगळ्यांचे मनापासून आभार! नवऱ्यालाही धागा वाचायला दिला.

मोजपट्टींनी सांगितल्यासारखं काल रात्री अ मध्ये जाऊन आलो, एक टॉवर तयार आहे तिथल्या वॉचमनने वर सोडलं. हायवेकडच्या बेडरूममध्ये खिडकी उघडी ठेवून फोनवर ५८-६० दिसत होतं, ट्रक गेला की ७० च्या वर. त्याच मजल्यावर पॅसेज ओलांडून मागच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये गेलो तर ४३-४४. दार लावलं तेव्हा मुलगा म्हणाला, आई रस्ता बंद झाला का? नवरा त्यानंतर काही बोलला नाही, पण परत येताना त्यानेच मागच्या बाजूच्या फ्लॅटचे नंबर मागून घेतले.

क च्या शेजारच्या जागेवर आराखड्यात व्यापारी वापर आहे, नकाशा यांनी लिहिलेलं तंतोतंत खरं निघालं. ती यादीतून काढली.

आता अडचण एकच. अ मधल्या मागच्या बाजूला खाली पंपरूम दाखवलीये, आणि खिडक्या स्लायडिंगच्या आहेत, ओढल्या की खडखडतात. काच बदलून घेतली तर उपयोग होईल का?

मोजपट्टी
१५-१६ डेसिबलचा फरक उत्तमच आहे. ट्रकच्या वेळी मागे किती उडी घेतो तेही बघायचं होतं, झोप सरासरीने मोडत नाही, एकेका उसळीने मोडते. आत अशी उसळी ४५ च्या पुढे जाऊ नये असं धरतात.

काच बदलण्याआधी फट बघा. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली तरी कितीही भारी काच लावा, २० डेसिबलच्या पुढे अडवणूक होत नाही. बादली कितीही जाड पत्र्याची असली तरी बुडाला भोक असेल तर पाणी जाणारच, तसं आहे ते. घरी करण्यासारखी परीक्षा सांगतो, कागदाची पट्टी चौकटीत धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. सहज सरकून आली तर तिथे रबर बसत नाहीये. स्लायडिंगमध्ये दोन्ही पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे आणि खालच्या रुळात हे हमखास होतं. बेडरूमपुरती बिजागरीवर उघडणारी खिडकी करून घ्या, चारही बाजूंनी दाबून बसते. काच घ्यायचीच तर लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमधे प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेली घ्या, आणि दुहेरी घेतलीत तर दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या, सारख्या जाडीच्या दोन काचा एकाच सुरावर एकदम थरथरतात. पण मागच्या बाजूला बहुतेक एवढी गरज पडणार नाही, रबरावरच काम भागेल.

अंगणवेल
पंपरूमच्या बरोबर वरची रांग सोडून द्या. बाजूची किंवा मधे दोन-तीन मजले सोडून वरची घ्या. आणि बिल्डरकडून पंपाचे पॅड, लवचिक जोड आणि पहाटे पंप किती वाजता लागणार हे करारात लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं ताबा मिळाल्यावर कोणाला आठवत नाही.

गणितपक्कं
आणि खिडकी बदलायचा खर्च दर ठरवतानाच वजा करून मागा. बेडरूमच्या खिडक्या बिल्डरनेच बिजागरीच्या लावून द्याव्यात असंही म्हणता येईल, चौकटी अजून बसल्या नसतील तर त्याला फार जास्त पडत नाही.

उंबरठा
फेज दोनच्या बिल्डिंगमध्ये खिडक्यांच्या चौकटी अजून बसलेल्या नाहीत, आणि तिला हायवेपासून आडोसा म्हणून तयार टॉवर आहेच, मोजपट्टींची अट पूर्ण होतेय. शनिवारी बोलायला चाललोय. पंपरूमच्या रांगेपासून दोन रांगा सोडून सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट मागणार आहोत, सासूबाईंची खोली आतल्या कोपऱ्यात येते तो. फटीतून रस्ता दिसतो का ते बघायचं राहिलंय, त्या रात्री अंधारात नीट कळलं नाही. ते बघून मगच टोकन देऊ.